मांडवावरची काकडी का वाकते? परसबागेतील वेलभाज्यांच्या किडी आणि त्यांचा बंदोबस्त

श्रावणात मांडवावर लोंबणारी बोटभर काकडी एका बाजूने आकसू लागते, तिचा शेंडा पिवळा पडतो, आणि निरखून पाहिले तर सालीवर टोचल्याची बारीक खूण व तिच्यातून बाहेर येऊन थिजलेला डिंकाचा पारदर्शक थेंब दिसतो. अशी काकडी उभी चिरली की आतल्या गरात पांढुरक्या, बिनपायांच्या अळ्या वळवळताना आढळतात. त्यांतली पूर्ण वाढलेली एखादी अळी ताटलीत ठेवून पाहावी. ती तोंड आणि शेपूट जुळवून अंग ताणते आणि टुणकन उडी मारून ताटलीबाहेर जाते. ही उडी निव्वळ गंमत नव्हे, पुढे सांगितल्याप्रमाणे सगळ्या बंदोबस्ताची किल्ली तिच्यात आहे.

हा उद्योग वेलभाज्यांवरील फळमाशीचा. घरमाशीएवढी, तांबूस-तपकिरी रंगाची, पाठीवर पिवळे पट्टे आणि पंखांच्या कडेला तपकिरी डाग असलेली ही माशी ओझरती पाहिली तर लहानशी गांधीलमाशीच वाटते. तिचे मूळ आशियात मानले जाते, पण तिचे शास्त्रीय वर्णन पहिल्यांदा झाले ते १८९९ मध्ये, हवाई बेटांवर जाऊन पोहोचलेल्या माश्यांवरून. काकडी, तवसे (पावसाळी मोठी काकडी), शिराळी, पडवळ, दुधी, कारली, तोंडली, लाल भोपळा यांपैकी कोणतीही वेल तिला वर्ज्य नाही. कोकणातल्या पावसाळी मांडवाचे सर्वांत मोठे नुकसान हीच माशी करते, म्हणून या लेखात तिला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

वेलीला कीड लागली की पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘कोणते औषध मारू?’ हा. फळमाशीच्या बाबतीत तो प्रश्नच चुकीच्या जागी पडतो, कारण औषधाचे तुषार जिथे पडतात तिथे ही कीड बहुतेक वेळ नसतेच. मादी कोवळ्या फळाच्या सालीत आपली टोकदार अंडनळी खुपसून आत अंडी घालते. एक-दोन दिवसांत त्यांतून अळ्या बाहेर पडतात आणि गर खात आतच वाढतात. सालीच्या आड असल्यामुळे वरून मारलेले बहुतेक औषध त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. वाढ पूर्ण झाली की अळी फळातून बाहेर पडते, तीच ती उडी मारते, आणि वेलीखालच्या मातीत काही सेंटिमीटर खोल शिरून कोष करते. कोषातून निघालेली माशी तरी वेलीवर बसून राहावी, तर तेही नाही. दिवसाचा बराच काळ आणि रात्र ती आजूबाजूच्या दाट, रुंद पानांच्या झाडांवर, मका, एरंड अशांच्या पानांखाली विसाव्याला जाते आणि अंडी घालण्यापुरती मांडवाकडे फिरकते. म्हणजे अंडी व अळ्या फळात, कोष मातीत आणि माशी शेजारच्या झाडीत, अशी या किडीची वाटणी आहे. उबदार हवेत हे चक्र दोन ते चार आठवड्यांत पुरे होते आणि एक मादी तिच्या आयुष्यात शेकडो अंडी घालते. त्यात कोकणचा पाऊस. सकाळी केलेली फवारणी दुपारच्या सरीपर्यंत टिकली तरी नशीब.

उपाय सांगण्याआधी एक गफलत दूर करणे आवश्यक आहे. गळून पडलेली प्रत्येक पिवळी काकडी फळमाशीनेच खाल्लेली नसते. या वेलींवर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ आधीपासूनच असते, पण परागकण त्या फुलापर्यंत पोहोचले नाहीत तर ते फळ वाढत नाही. ते पिवळे पडते, सुकते आणि गळते. आषाढात सलग चार दिवस पावसाने उसंत दिली नाही की मधमाश्या बाहेर पडत नाहीत, आणि नेमकी त्याच दिवसांत ‘काकडी धरत नाही, औषध सांगा’ अशी तक्रार वाढते. गळलेले फळ चिरून पाहणे हाच निवाडा. आत अळी किंवा पोखरलेला, कुजका गर असेल तर माशी. आतून कोरडे आणि स्वच्छ असेल तर परागीभवनाचा अभाव. दुसऱ्या प्रकारात ताजे नर फूल तोडावे, त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि मधला परागकणांचा भाग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवावा. काकडी, भोपळा आणि कारली यांची फुले पहाटे उमलतात, म्हणून हे काम सकाळी करावे. दुधी, शिराळी आणि पडवळ यांची फुले संध्याकाळी उमलतात, म्हणून त्यांच्यासाठी दिवेलागणीची वेळ योग्य. वेलीवर सुरुवातीला नुसतीच नर फुले येऊन गळतात तेही स्वाभाविक आहे, त्यासाठी काही करावे लागत नाही.

आता बंदोबस्त. पहिला आणि माझ्या मते सर्वांत परिणामकारक उपाय फुकट आहे, आणि बहुधा म्हणूनच तो कोणी करत नाही: डागी फळ दिसताक्षणी तोडणे आणि त्याची नीट विल्हेवाट लावणे. कोकणातल्या घरांमध्ये मागीलदारी सडके फळ गडग्यापलीकडे भिरकावून देण्याची किंवा खताच्या खड्ड्यात टाकण्याची रीत आहे. फळ आपल्या नजरेआड झाले तरी अळीच्या दृष्टीने काहीच बदललेले नसते; ती गडग्यापलीकडच्या मातीत शिरते आणि काही दिवसांनी माशी होऊन आपल्याच मांडवावर परतते. खतखड्ड्याचा भुसभुशीत थर तर कोषाला अतिशय सोयीचा. त्यामुळे किडकी फळे साबणाच्या पाण्याच्या बादलीत दोन-तीन दिवस बुडवून ठेवावीत, किंवा जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर तशीच राहू द्यावीत. ऊन असेल तर आतली उष्णता काम लवकर उरकते. पुरायचीच असतील तर हातभर खोल खड्ड्यात पुरून वर माती दाबून बसवावी. गुरे असलेल्या घरात ती फळे ताबडतोब गुरांपुढे घातली तरी चालते, गोठ्याशेजारी ढीग करून ठेवायची मात्र नाहीत. हे काम रोज सकाळी फळे काढतानाच करावे, कारण आठवड्यातून एकदा केले तर मधल्या दिवसांत अळ्या फळ सोडून गेलेल्या असतात.

याच कामाचा दुसरा भाग म्हणजे गडग्यावर, कुंपणावर आपोआप वाढलेल्या रानतोंडलीच्या आणि तशाच इतर रानवेली. मांडव रिकामा असतो त्या महिन्यांत फळमाशी त्यांच्यावर तग धरते. सगळा रानवेल उपटून टाकायची गरज नाही, तिची फळे पिकून खाली पडणार नाहीत एवढे पाहिले तरी पुरते.

दुसरा उपाय फळ झाकण्याचा. मादी कोवळ्या सालीतच सहज टोचू शकते, त्यामुळे फळधारणेनंतर दोन-तीन दिवसांत, म्हणजे फूल सुकून फळ फुगू लागले आहे याची खात्री होताच, त्याला पिशवी घालावी. त्याआधी घातली तर परागीभवन अडते, आणि आठवड्याने घातली तर अंडी आत आणि पिशवी बाहेर अशी स्थिती होते. कोरड्या हंगामात वर्तमानपत्राची पिशवी पुरते, पण कोकणच्या पावसात तिचा दुपारपर्यंत लगदा होतो; प्लास्टिकच्या पिशवीत पाणी साचून फळ कुजते. बारीक विणीची नायलॉनची जाळी, लग्नकार्यात मिळतात त्या कापडासारख्या न विणलेल्या पिशव्या किंवा जुन्या सुती साडीचे तुकडे यांतले काहीही चालते. कापड फळाला चिकटून बसू नये, सैल राहावे, नाहीतर माशी कापडातून टोचते. पडवळाची गोष्ट थोडी निराळी: ते सरळ वाढावे म्हणून शेंड्याला दगड बांधण्याची आपली पद्धत आहेच, तर साडीच्या तुकड्याची लांब नळी शिवून ती वर देठाशी आणि खाली दगडाच्या दोरीशी सैलसर बांधावी, म्हणजे एकाच बांधणीत दोन्ही कामे होतात. शेतकऱ्याला एकरभर वेलींना हे परवडणार नाही, पण चार वेलींच्या परसबागेत झाकलेले फळ जितके निर्धोक असते तितके फवारलेले कधीच नसते. गणपतीवर टांगायच्या माटवीसाठी (फळाफुलांनी सजवलेल्या चौकटीसाठी) किंवा धोंडसासाठी (काकडीच्या गोड केकसाठी) राखलेले तवसे तर झाकायलाच हवे, कारण ते वेलीवर दीर्घकाळ राहते. खाण्याच्या काकड्या मात्र कोवळ्या असतानाच तोडाव्यात. जून होऊ दिलेली प्रत्येक काकडी माशीला दिलेली मुदतवाढ असते.

अख्खी वेलच जाळीने झाकली तर काय, असे काही जण विचारतात. तसे केल्यास मधमाशीही आत येत नाही. परागीभवनाशिवाय फळ धरणारी संकरित काकडी लावली असेल तरच ही युक्ती उपयोगी पडते, अन्यथा सर्व फुलांचे परागीभवन हातानेच करावे लागते.

सापळ्यांविषयी कोकणात एक विशेष गैरसमज आहे आणि त्याचे कारण आंबा. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘रक्षक’ सापळा आंबा बागायतदारांच्या चांगल्या परिचयाचा आहे. त्यात मिथिल युजेनॉल हे आमिष वापरतात आणि त्याच्या वासाने आंब्यावरील फळमाशीचे नर ओढले जातात. हंगाम संपल्यावर तोच सापळा काकडीच्या मांडवाला अडकवला तर त्यात माश्या पडतातही, आणि पाहणाऱ्याला वाटते की काम झाले. पण त्या माश्या वेगळ्या. वेलभाज्यांवरील फळमाशीला मिथिल युजेनॉलचे काहीच आकर्षण नसते. तिच्या नरांसाठी क्युल्युअर नावाचे दुसरे आमिष लागते. तेव्हा कृषी सेवा केंद्रात नुसता ‘फळमाशीचा सापळा’ मागू नये, काकडी-कारल्यासाठी क्युल्युअरची गोळी किंवा बोळा हवा असे स्पष्ट सांगावे. सापळा मांडवाच्या उंचीवर, सावलीत टांगावा आणि आमिष महिना-दीड महिन्याने बदलावे.

तरीही अपेक्षा माफक ठेवावी हे बरे. हे सापळे फक्त नर पकडतात. नर कमी झाल्याने माद्या अफल राहाव्यात हा त्यामागचा हेतू असतो, परंतु शेजारच्या परड्यात समागम होऊन आलेली मादी आपल्या सापळ्याकडे ढुंकूनही न पाहता सरळ काकडीवर बसते. सापळा एकट्या घराने लावण्यापेक्षा सगळ्या वाडीने एकाच आठवड्यात लावला तर त्याचा अर्थ बदलतो. या माशीच्या बाबतीत एकजुटीला किती महत्त्व आहे ते जपानच्या ओकिनावा बेटांवर दिसले: तिथे प्रयोगशाळेत वाढवून किरणोत्साराने वंध्य केलेल्या माश्या प्रचंड संख्येने सोडून, सुमारे वीस वर्षांच्या सरकारी मोहिमेनंतर १९९३ मध्ये ही माशी समूळ नाहीशी करण्यात आली. आपला मुलूख बेटासारखा तुटलेला नसल्याने आणि वेली बारमाही असल्याने निर्मूलनाची भाषा करण्यात अर्थ नाही. संख्या आटोक्यात ठेवणे एवढेच साधते.

माद्यांसाठी गुळाचे आमिष चालते, कारण अंडी पक्व होण्यासाठी त्यांना साखर आणि प्रथिने असे दोन्ही अन्न लागते. प्लास्टिकच्या बाटलीला वरच्या अंगाला तीन-चार भोके पाडून तिच्यात गुळाचे आंबलेले पाणी, चिमूटभर यीस्ट आणि साबणाचे काही थेंब घालावेत. साबणामुळे माशी पाण्यावर तरंगू शकत नाही. मांडवाच्या कडेने मक्याची आठ-दहा ताटे लावून या बाटल्या त्यांच्यात टांगल्या तर माशीच्या विसाव्याच्या जागीच सापळा बसतो.

फळमाशी फळावर येते, तर तांबडा भुंगेरा रोपाच्या बालपणीच गाठतो. नारिंगी-तांबड्या रंगाचा, सात-आठ मिलिमीटर लांबीचा हा चकचकीत किडा बीजपत्रे आणि पहिली कोवळी पाने भोके पाडून खातो. त्याची अंडी बुंध्याजवळच्या ओल्या मातीत असतात आणि अळ्या मुळे कुरतडतात. चार पानांवर आलेली वेल त्याला सहज पुरून उरते, त्यामुळे प्रश्न पहिल्या दोन-तीन आठवड्यांचाच असतो. तेवढे दिवस रोपावर काड्यांच्या आधाराने मच्छरदाणीचा तुकडा तंबू करून लावावा आणि त्याच्या कडा मातीत दाबाव्यात. पहाटेच्या गारव्यात हे भुंगेरे सुस्त असतात, तेव्हा ते वेचून साबणाच्या पाण्यात टाकणे सोपे जाते; ऊन चढल्यावर हात नेण्याआधीच ते उडून जातात. चुलीतली चाळलेली राख दहिवरल्या पानांवर भुरभुरण्याची जुनी पद्धत भातकापणीनंतरच्या आणि उन्हाळी वेलींसाठी उपयुक्त आहे, मिरगानंतर मात्र ती पहिल्याच सरीत वाहून जाते. हा भुंगेरा कारल्याच्या वाटेला सहसा जात नाही.

कारल्यावर येतो तो ठिपक्यांचा भुंगेरा. तो आणि त्याच्या काटेरी पिवळ्या अळ्या पानांचा हिरवा भाग खरवडून शिरांची जाळी तेवढी शिल्लक ठेवतात. याला मारताना सावध राहावे लागते, कारण मावा फस्त करणारा आपला मित्र ढालकिडा त्याच्याच कुळातला आणि दिसायलाही तसाच असतो. ढालकिड्याची पाठ गुळगुळीत, चमकदार असते आणि त्यावर ठिपके किंवा नागमोडी रेघा थोड्याच असतात. पाने खाणाऱ्या भुंगेऱ्याची पाठ मंद, बारीक लव असलेली आणि बारा किंवा अठ्ठावीस ठिपक्यांची असते. एवढेही पाहायचे नसेल तर पान पाहावे: जाळीदार पानावर बसलेला तो शत्रू, माव्याच्या गर्दीत फिरणारा तो मित्र.

मावा, पांढरी माशी आणि फुलकिडे हे रस शोषणारे किडे पाऊस ओसरल्यावर, भाद्रपदानंतर वाढतात. त्यांनी प्यायलेल्या रसाचे नुकसान वेल भरून काढते, पण मावा आणि पांढरी माशी विषाणू रोग पसरवतात त्याला इलाज नाही. पानांवर हिरवे-पिवळे चट्टे येऊन ती आक्रसलेली, खडबडीत दिसू लागली तर ती वेल उपटून टाकणे हाच शेजारच्या वेलींचा बचाव होय. सुरुवातीलाच पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोराचा फवारा मारून मावा पाडावा आणि मांडवाखाली पिवळे चिकट सापळे लावावेत.

एवढ्याने भागले नाही तर निंबोळी अर्क वापरावा. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, त्यात चिमूटभर साबणाचा चुरा विरघळवला की ५ टक्क्यांचा अर्क तयार होतो. तो त्याच दिवशी वापरावा. कोकणच्या अतिपावसात कडुनिंब फारसा रुजत नाही, त्यामुळे निंबोळ्या बहुधा घाटावरून आणाव्या लागतात. खाडीकाठी करंज मात्र भरपूर असतो आणि करंजाच्या तेलातही कीटकांना परतवण्याचा गुण आहे. काकडीवर्गीय पाने नाजूक असतात. तेल किंवा साबण जास्त झाला तर ती करपतात, आणि गंधकाचाही त्यांना त्रास होतो. म्हणून कोणताही फवारा आधी एक-दोन पानांवर मारून दुसऱ्या दिवशी ती पाने पाहावीत.

फवारणी संध्याकाळी करावी हा सर्वत्र दिला जाणारा सल्ला काकडी, भोपळा आणि कारल्यापुरता बरोबर आहे, कारण त्यांच्या फुलांवरचे मधमाश्यांचे काम सकाळीच आटोपलेले असते. शिराळी, दुधी आणि पडवळ यांची फुले त्याच वेळी उमलत असतात, त्यामुळे त्यांच्यावर फवारणी सकाळी करणे योग्य. एकाच मांडवावर दोन्ही प्रकारच्या वेली असतील तर ढगाळ दिवशी दुपारी साडेतीन-चारचा सुमार साधावा.

पानांत नागमोडी पांढऱ्या रेघा ओढणारी नागअळी दिसायला भीतिदायक वाटते, पण बुंध्याकडची चार पाने काढून टाकण्यापलीकडे तिची दखल घेऊ नये. पाठीवर दोन पांढऱ्या रेषा असलेली हिरवी अळी मात्र पाने गुंडाळून आत बसते आणि कोवळ्या फळाची सालही कुरतडते. गुंडाळलेले पान बोटांनी दाबले की काम होते. वेली जास्त असतील तर बीटी हे जिवाणूजन्य कीडनाशक संध्याकाळी फवारावे, ते अळ्यांपुरतेच मारक असते.

रासायनिक कीटकनाशकांविषयी माझे मत स्पष्ट आहे: परसबागेतल्या वेलभाज्यांवर त्यांना जागा नाही, आणि त्यामागचे कारण निव्वळ हिशेबाचे आहे. अशा औषधांच्या डब्यावर फवारणी आणि काढणी यांच्यात किती दिवसांचे अंतर ठेवावे ते छापलेले असते. काकडी आणि शिराळी बहरात दिवसाआड काढावी लागते. अंतर पाळले तर फळे जून होऊन माशीच्या स्वाधीन होतात, आणि न पाळले तर औषध आपल्या ताटात येते. शिवाय फळमाशीच्या अळीत अंडी घालून तिला आतून खाणारे परोपजीवी कीटक आपल्या भागात मुळातच आहेत. हवाई बेटांवर या माशीने धुमाकूळ घातला तेव्हा १९१६ मध्ये असा एक कीटक मुद्दाम भारतातून तिकडे नेण्यात आला होता. औषधाने तोच आधी मरतो.

दिवाळीच्या सुमारास पावसाळी वेली थकल्या की त्या मांडवावर वाळत ठेवू नयेत. त्यांच्यावरची शेवटची वेडीवाकडी फळेही वर सांगितल्याप्रमाणे बुडवून किंवा पिशवीत बांधून नष्ट करावीत, मगच वेली काढाव्यात. त्यानंतर मांडवाखालची माती दोन-तीन इंच खणून आठ दिवस उन्हात उघडी टाकावी, म्हणजे मातीतले कोष उन्हाने, मुंग्यांनी आणि पाखरांनी संपतात; घरात कोंबड्या असतील तर त्या दिवसांत त्यांना तिथे मोकळे सोडावे. त्याच वाफ्यात लगेच उन्हाळी काकडी न टोकता आधी लाल माठ किंवा मुळा घ्यावा आणि काकडीची आळी परसाच्या दुसऱ्या कोपऱ्यात करावीत.